गुप्त मराठी

माझी मुलगी अलकनंदा नऊ वर्षांची होईपर्यंत उत्तम मराठी बोलायची. हे मी बापाच्या कौतुकाने सांगत नाही. आमच्या मंडळाच्या गणपतीत तिने केलेलं छोटंसं भाषण ऐकून पुण्याहून आलेले पाहुणेसुद्धा चाट पडले होते. "दिल्लीत वाढलेली पोर, आणि काय स्वच्छ मराठी!" असं जो तो म्हणायचा आणि मी कॉलर ताठ करून मांडवभर हिंडायचो. ते मराठी तिच्या तोंडी मी बसवलं होतं. घालवलं तेही मीच. हे दुसरं वाक्य मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी, अविनाश, एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. बायको प्रभा, आणि अलकनंदा, म्हणजे घरची नंदू. मराठी शाळा होती, पण ती पहाडगंजात. दोन बसेस बदलून एवढ्याशा पोरीला रोज तिथे धाडायला प्रभा तयार नव्हती. मग नंदू घराजवळच्या हिंदी-इंग्रजी शाळेत गेली आणि सहा महिन्यांत "आई, मेरेको भूक लगी" सुरू झालं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. शेजारच्या बिऱ्हाडांतली मराठी मुलं मी बघत होतो. ती आजीच्या पत्राला हिंदीत उत्तरं लिहायची. माझ्या घरात हे होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

रागावून पाहिलं, बक्षिसं लावून पाहिली. पोर बधेना. शेवटी एकदा बसमध्ये मला युक्ती सुचली. समोर एक जाडजूड सरदारजी पेंगत होते. मी चेहरा अगदी गंभीर ठेवून नंदूच्या कानाशी म्हटलं, "हे पोटोबा आता आपल्या अंगावर कोसळणार." नंदू फिसकन हसली. मी म्हटलं, "मोठ्याने बोल, त्यांना काही कळत नाही. ही आपली गुप्त भाषा आहे."

झालं. त्या दिवसापासून नंदूला मराठीची गोडी लागली. आमच्या खेळाचं नाव गुप्त मराठी. नियम दोनच. परक्या माणसासमोर त्याच्याबद्दल मराठीत बोलायचं, आणि हसायचं नाही. भाजीवाला बोकोबा झाला, डेअरीवरची बाई झिपरी भवानी झाली, पोस्टमन झाला लांबनाक्या करकोचा. नवा शब्द हवा असला की ती माझ्याकडे धावत यायची. "बाबा, चालताना असं असं पाय टाकणाऱ्याला काय म्हणतात?" मी सांगायचो, फेंगडा. ती तो शब्द दिवसभर घोळवायची. दिल्लीतल्या माझ्या पिढीच्या बहुतेक मराठी घरांनी ही चैन केलेली आहे. बाजारात भाव करताना, शेजाऱ्यांच्या नाकावर टिच्चून, भर पंगतीत. चारचौघांत उभं राहून चारचौघांबद्दल बोलायचं. मी त्या चैनीचा फक्त अभ्यासक्रम केला.

प्रभाला ते आवडायचं नाही. "तुम्ही मुलीला मराठी शिकवताय की कुचाळक्या?" असं तिने एकदा विचारलंही. मी म्हणालो, "भाषा महत्त्वाची. पुढचं पुढे बघू."

शहाऐंशीच्या मे महिन्यात नंदूच्या शाळेला सुट्टी लागली आणि तिने कॅम्पिंगचा हट्ट धरला. वर्गातली कुठली तरी मुलगी मसुरीला जाऊन तंबूत राहून आली होती. मसुरी आपल्याला कुठली? पण आमच्या ऑफिसात एक ट्रेकिंग क्लब होता, त्याचा तंबू मी सही करून घेतला, आणि एका शनिवारी आम्ही तिघं हरियाणातल्या सोहन्याच्या बसमध्ये बसलो. सोहन्याहून टेम्पोने दमदमा. अरवलीच्या बुटक्या डोंगरांमध्ये ते तळं आहे. उन्हाळ्यामुळे पाणी खूप आत गेलं होतं आणि काठाला सपाट, भेगाळलेली जमीन मोकळी झाली होती. एक मोठी बाभूळ होती. मला ती जागा एकदम पसंत पडली. सावली बाभळीची, वारा पाण्यावरचा, आणि आसपास माणूस नाही.

माणूस होता. आम्ही तंबूच्या खुंट्या ठोकत असताना तो तीन म्हशी घेऊन वरून उतरला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळकं मुंडासं आणि डावा डोळा पांढरा पडलेला. म्हशी पाण्यात सोडून तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला.

"बाबूजी, यहाँ तंबू मत गाड़ो," तो म्हणाला. "शाम तक आंधी आएगी. मेरा घर ऊपर ही है, पक्का है. बच्ची साथ है आपके, रात वहीं काट लो."

आकाश निरभ्र होतं. वाऱ्याला जोर नव्हता. मी गोड आवाजात म्हटलं, "अच्छा जी, देखते हैं." आणि त्याच दमात, त्याच गोड चेहऱ्याने, प्रभाकडे वळून मराठीत म्हणालो, "बघितलंस? घरी नेऊन लुबाडायचा बेत आहे. असल्या लोकांना मी पुरता ओळखतो."

प्रभा खाली वाकून सामान लावायला लागली. पण नंदूला तेवढं पुरे झालं. खेळ सुरू झाला असं तिला वाटलं. ती हातातली दोरी धरून त्या माणसासमोर उभी राहिली, त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, आणि शाळेत कविता म्हणावी तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाबा, हा काणा कावळा आहे. एका डोळ्याने आपल्याला बघतोय आणि दुसऱ्याने आपलं सामान. ह्याच्यापेक्षा ह्याची म्हैस देखणी आहे."

मी नियम मोडून खो खो हसलो. "शाबास!" म्हणालो. खरंच म्हणालो. एकही हिंदी शब्द नाही, वाक्य कसं गोळीबंद! त्या क्षणी माझ्या मनात फक्त व्याकरण होतं.

तो माणूस नंदूकडे जरा वेळ बघत राहिला. मग त्याने मुंडाशाचं टोक खोचलं. "जैसी आपकी मर्ज़ी," तो म्हणाला. जाता जाता थांबून मात्र त्याने एक सांगितलं, "आंधी आए तो पेड़ के नीचे मत रुकना." आणि म्हशींना हाकत तो निघून गेला.

दुपार मजेत गेली. पुरी-भाजी खाल्ली, पत्ते खेळलो. नंदू तंबूत आत-बाहेर करून थकत नव्हती. साडेपाचच्या सुमाराला प्रभा म्हणाली, "अहो, पश्चिमेकडे काय झालंय बघा." डोंगरामागचं आकाश पिवळं झालं होतं. बघता बघता ते तांबडं, मग मातकट झालं. पाण्यावरचे बगळे एकदम उठून गेले. वारा इतका पडला की घामाचा थेंब हनुवटीवरून खाली पडलेला ऐकू यावा.

"वर जाऊ या त्याच्याकडे," प्रभा म्हणाली.

"काही नाही, दहा मिनिटांत जाईल," मी म्हणालो. दिल्लीत बारा वर्षं काढलेल्या माणसाला आंधीचं काय कौतुक! पण मी पाहिल्या होत्या त्या सगळ्या खिडकी लावून पाहिलेल्या. उघड्यावरची ही पहिली.

ती आली ती भिंतीसारखी आली. डोंगर दिसेनासा झाला, तळं दिसेनासं झालं, आणि पुढच्या क्षणी तंबू फुगून उठला. मी एक दोरी पकडली. "नंदू, तिकडची धर!" असं ओरडलो. एवढ्याशा पोरीला मी दोरी धरायला लावली. प्रभा किंचाळत होती, "सोडा तो तंबू! सोडा!" आणि मी, मला आजही लाज वाटते, मी ओरडलो, "अगं, क्लबचा आहे, माझी सही आहे त्याच्यावर!"

दोरी माझ्या हातातून तळवा सोलत निघाली. तंबू गेला. आणि दुसऱ्या टोकाला नंदू नव्हती.

हात लांब केला तर हात दिसत नव्हता. तोंडात, डोळ्यांत माती. मी तिच्या नावाने ओरडत होतो आणि माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. पाणी कुठल्या बाजूला आहे हेही कळेना. ती दोरी धरून ओढली गेली असेल तर पाण्याकडे गेली असेल, एवढंच डोक्यात घुमत होतं. मग गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या. मागे कुठेतरी बाभळीची फांदी कडाडून पडली. मी गुडघ्यांवर बसून जमीन चाचपडत होतो. देवाला काय काय बोललो ते आठवत नाही.

आणि त्या घोंगावण्यातून आवाज आला, "पोरगी हाय माझ्यापाशी! ताई, इकडं या! आवाजाकडं या!"

मराठीत. माझ्या मनात आधी नुसता आनंद आला, की अरे, इथे कुणीतरी आपला मराठी माणूस आहे! आम्ही दोघं रांगत, धडपडत त्या आवाजाकडे गेलो. तो एका खडकाच्या आडोशाला नंदूला पोटाशी धरून, वर पाठीची कमान करून बसला होता. मुंडासं सोडून त्याने ते तिच्या डोक्याला गुंडाळलं होतं. त्याच्या उघड्या डोक्यावर गारा आपटत होत्या आणि कानशिलावरून रक्त वाहत होतं. तो सारखा एकच म्हणत होता, "भिऊ नको गं पोरी. हात सोडू नको माझा."

तो पांढरा डोळा मी हातभर अंतरावरून पाहिला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याचं नाव हरचंद. घर खरंच पक्कं होतं. त्याच्या बायकोने आम्हाला कोरडे कपडे दिले, हळद घातलेलं दूध दिलं. जखमेवर फडकं बांधून तो बाजेवर बसला आणि प्रभाशी गप्पा मारू लागला. तोफखान्यात ड्रायव्हर होता तो. "अकरा वर्सं देवळालीला होतो, ताई. नाशकाचा चिवडा लई खाल्ला. बोलायला कुनी भेटत नाय आता, जीभ गंजली." प्रभा त्याच्याशी मराठीत बोलत होती, मधेच पदराने डोळे पुसत होती. ती सरळ म्हणाली, "दादा, दुपारी आमच्याकडून फार वाईट बोललं गेलं. माफ करा." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ल्हान हाय पोर."

लहान आहे पोर. मी लहान नव्हतो. त्याने मला वगळलं होतं की नाही, देव जाणे, पण मला ते झोंबलं.

मग तो माझ्याकडे वळला. "साहेब, तुमाला लई लागलं तर नाय ना?"

एवढं सोपं होतं सगळं. "नाही दादा," एवढं म्हणायचं होतं. पण मराठीत तोंड उघडलं की त्याला काय काय ऐकू गेलंय ते मी कबूल केल्यासारखं होणार होतं. "लुबाडायचा बेत आहे" हे ज्या तोंडाने म्हटलं त्याच तोंडाने, त्याच भाषेत, आता त्याच्याशी बोलायचं? माझी जीभ उचलेना. मी म्हणालो, "नहीं नहीं, सब ठीक है. बहुत मेहरबानी आपकी."

त्याने मान हलवली. नंतर त्याने दोनदा मला मराठीत काही विचारलं आणि दोन्ही वेळा मी हिंदीत उत्तर दिलं. मग त्याने विचारणं सोडून दिलं. नंदू आईच्या मांडीवर बसून आळीपाळीने आम्हा दोघांकडे बघत होती. तिने त्या संध्याकाळी तोंडातून एक शब्द काढला नाही. घाबरली आहे, असं आम्ही समजलो.

सकाळी स्वच्छ ऊन पडलं होतं. हरचंदने चिखलातून शोधून आणलेला फाटका तंबू घडी करून दारात ठेवला होता. प्रभा मला कोपराने ढोसून हळूच म्हणाली, "दोन शब्द बोला हो. पोर बघतेय." मी पाहिलं. नंदू हरचंदच्या समोर जाऊन उभी राहिली होती, काल दुपारी राहिली होती तशीच. हात पाठीमागे. ओठ हलायला लागले आणि थांबले. मग तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हरचंदही माझ्याकडे पाहत होता. घाई कुणालाच नव्हती. मला होती.

"चलो चलो, बस छूट जाएगी," मी म्हणालो. "नंदू, अंकल को नमस्ते करो."

तिने नमस्ते केलं.

परतीच्या बसमध्ये मला तिला हसवायचं होतं. खरं तर मला माझं मन हलकं करायचं होतं. भरघोस मिशांचा कंडक्टर तिकिटं फाडत आला, तेव्हा मी तिच्या कानाशी वाकून म्हटलं, "नंदू, बोकोबा आले बघ."

ती दचकून मागे सरकली. "पापा, चुप रहो," ती म्हणाली. "वो सुन लेंगे."

मी बाबा होतो तो त्या बसमध्ये पापा झालो. चार दिवसांत विसरेल असं वाटलं. मी रागावलो, लाडीगोडी लावली, एकदा तर "मराठीत मागितल्याशिवाय जेवायला मिळणार नाही" असंही फर्मान काढलं. ती दोन वेळ उपाशी राहिली आणि प्रभाने माझ्यापुढे हात जोडले. नंदूला सगळं समजायचं. ती सगळ्याची उत्तरं द्यायची, हिंदीत, अगदी अदबीने. मोठी झाली, नोकरीला लागली, मराठी मुलाशी लग्न केलं, त्याच्याशीही माझ्यादेखत हिंदीतच बोलली. लोक विचारायचे, एवढं छान बोलायची, काय झालं हो? मी सांगायचो, दिल्लीची मुलं, टी. व्ही., शाळा, काय करणार! प्रभा तिथून उठून आत जायची. ती मला त्यावरून कधी टोचून बोलली नाही. फक्त दर उन्हाळ्यात एकदा म्हणायची, "आपण दमदम्याला जाऊन येऊ या का?" मी म्हणायचो, जाऊ, जाऊ. निवृत्त झाल्यावर एकदा अलवरला जाताना सोहन्यावरून गाडी गेली. दमदम्याची पाटी दिसली. प्रभाने माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरला काही सांगितलं नाही आणि गाडी पुढे गेली. दोन वर्षांनी प्रभाही गेली.

आता मी नंदूकडे गुडगावला राहतो, चौदाव्या मजल्यावर. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दिवसभर माझ्याजवळ राहायला तिने सुनंदा नावाची एक बाई ठेवली. मूळची बार्शीची. मला मराठी बोलायला मिळावं म्हणूनच नंदूने मुद्दाम शोधून आणली असावी. पण तसं ती म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आंधी आली. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या, बाहेरचे टॉवर दिसेनासे झाले. मी खोलीत पडलो होतो. पाणी हवं होतं म्हणून काठी घेऊन उठलो आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आलो. आत नंदू आणि सुनंदा पाठमोऱ्या उभ्या होत्या, धूळ येऊ नये म्हणून खिडकीच्या फटीत फडकी कोंबत होत्या. नंदू बोलत होती.

मी जागच्या जागी थांबलो. ती मराठीत बोलत होती. अडतीस वर्षांनी मी तो आवाज ऐकत होतो. शब्द कुठेही अडखळत नव्हते. बापाने शिकवलं होतं तसंच, गोळीबंद.

"...आणि गारा अशा, लिंबाएवढ्या. त्याने स्वतःचं मुंडासं सोडून माझ्या डोक्याला बांधलं. मी त्याला दुपारी काणा कावळा म्हटलं होतं, सुनंदाताई. त्याच्या तोंडावर. आणि त्याला सगळं समजत होतं."

"अगं बाई!" सुनंदा म्हणाली. "मग तुम्ही माफी मागितली का नाही त्याची?"

"मागणार होते. सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभीसुद्धा राहिले. पण बाबांनी आधी बोलायला हवं होतं ना? मोठे ते होते. मी बाबांसाठी थांबले." नंदूने फडक्याचं टोक फटीत दाबलं. "खूप वेळ थांबले."

माझी काठी दाराच्या चौकटीला लागली. नंदूने वळून पाहिलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. ती रागावलेली नव्हती. त्या सकाळी हरचंदच्या दारात बघत होती, तशीच बघत होती. मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं, मराठीत, कितीतरी वर्षं तयार होतं. नुसतं तोंड उघडायचं होतं.

वाट पाहून पाहून शेवटी तिने ओट्यावरचं पातेलं उचललं.

"पापा, चाय लोगे?"

"हाँ बेटा," मी म्हणालो. "बना दे."